बदललेल्या वायरी

पिनबॉलचं मशीन घरी घडवलं ते मच्छे गावच्या कारखान्यात फिटर असलेल्या रवळूनं. पण खंडेनवमीला ते पहिल्यांदा चालू करताना फोडायचा नारळ आईनं ठेवला धाकट्या आदर्शच्या हातात, नुसतं लॅपटॉपवरून त्यात सॉफ्टवेअर चढवलेल्याच्या! रवळूच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यानं गुपचूप डाव्या-उजव्या बटणांच्या वायरी बदलल्या.

नारळ फुटला. आदर्शनं डावं बटण दाबलं, तर चेंडू मारायची उजवी पट्टी उडाली. रवळू मिशीत हसला.

आदर्शनं बसल्या जागी सॉफ्टवेअरमधल्या दोन बटणांच्या नंबरांची अदलाबदल केली. पट्ट्या बरोबर चालल्या.

लॅपटॉपला कुंकू लावत आई म्हणाली, "बघ रं रवळू, तुझी चूक धाकट्यानं कशी निस्तरली!"

रवळूला खरं सांगायची सोय कुठं होती?