तपकिरीतला निळा ठिपका

“आधी हात जोड, मग चाकाला हात लाव. आणि काप निघत असताना तोंड बंद! तुझ्या एका उसाशाने माझं महिन्याचं काम उडून जाईल, चिमणे.”

बाईंचा हा आवाज इतक्या वर्षांनंतरही कानात तसाच होता. चिमणीचे केस आता पिकले होते, प्रयोगशाळेत सगळे तिला ताई म्हणत. पण काप घेण्याच्या यंत्रासमोर बसली की ती पुन्हा बाईंची नवखी मदतनीस होऊन जायची. तिने डोळे मिटून हात जोडले. समोरच्या मेणाच्या ठोकळ्यात तांदळाच्या दाण्याएवढा अर्धा जबडा होता, नुकत्याच जन्मलेल्या उंदराच्या पिलाचा. त्या इवल्या जिवाची क्षमा मागितल्याशिवाय बाईंनी कधी पात्याला हात लावला नाही, आणि घरात ताप असो की डोक्यात काहूर, चिमणीनेही तो नेम कधी मोडला नव्हता.

बाईंचा स्वतःचा जबडाही काही कमी नव्हता. बोलता बोलता कानाशी टक् करून सांधा वाजायचा. “आल्या टकटकबाई!” म्हणत व्हरांड्यातली मुलं पांगायची.

“हसा मेल्यांनो,” बाई म्हणायच्या, “हाच सांधा मला पोटाला घालतो.”

ते खरंच होतं. वाढत्या जबड्याच्या टोकाला कूर्चेची, नाकाच्या शेंड्यासारखी लवचिक टोपी असते आणि तिच्याखाली हाड तयार होत जातं. पुस्तकं सांगत, कूर्चेच्या पेशी फुगतात, मरतात, मग बाहेरून हाडाच्या पेशी येऊन त्यांची जागा घेतात. बाईंना मात्र सूक्ष्मदर्शकात निराळंच दिसायचं. “मरणाऱ्याचा चेहरा असा तजेलदार असतो होय गं? यातल्या काही मरत नाहीत. घर तेच ठेवतात, धंदा बदलतात.”

एका सभेत त्यांनी हे मांडलं, तेव्हा मागच्या रांगेतून कोणीसं म्हणालं, “बाईंना मेलेलेही जिवंत दिसतात!” सभागृह खदखदलं. बाईही हसल्या. परतताना मात्र वाटभर त्यांचा सांधा एकदाही वाजला नाही. तेव्हा चिमणीने शब्द देऊन टाकला होता, “बाई, आपल्याकडे हे दिसलं की आधी तुम्हाला दाखवीन.”

“काचेवर दाखव हं. चित्रावर माझं समाधान व्हायचं नाही.”

पुढे दूरदूरच्या लोकांनी ते दाखवलंही. छापलेली चित्रं बाईंच्या घरी पोचली. “त्यांनी त्यांच्या डोळ्यांनी पाहिलं,” बाई म्हणाल्या, “मला माझ्या बघायचंय.”

आणि आता ते डोळेच निघाले होते. फोनवर बाई सहज काही सांगावं तशा म्हणाल्या, “समोरच्याच्या तोंडावर मधोमध कुणी बोळा फिरवलाय असं दिसतं गं. उजवा गेलाच. डावा अजून दम धरून आहे. किती दिवस, ते डॉक्टरही सांगत नाहीत.”

त्या फोनने चिमणीचा धीर सुटला. हाड मऊ करायचा सावकाश मार्ग सोडून तिने पहिला अर्धा जबडा तीव्र आम्लात टाकला. हाड लवकर मऊ झालं, पण ज्या प्रथिनांवर रंग बसायचा ती प्रथिनंच आम्लाने खाल्ली. काच कोरीच निघाली. नवख्या पोरीनेही केली नसती अशी चूक! आता दुसरा अर्धा तेवढा होता. प्रयोगशाळेतलं उंदरांवरचं काम बंद झालेलं, नवं पिलू मिळणार नव्हतं. हा अर्धा तिने आठवडे घेऊन सौम्य द्रवात मुरवला. रोज द्रव बदलताना मनात एकच मागणं: देवा, त्यांचा डावा डोळा सांभाळ.

चाक फिरलं. एकाला एक जोडलेल्या कापांची मेणाची पट्टी निघत राहिली. तिने श्वास धरला, कुंचल्याने पट्टी उचलून कोमट पाण्यावर सोडली आणि काचेवर अलगद झेलली. दोनेक दिवस रंग चढले: फुगलेल्या कूर्चापेशींच्या प्रथिनाला तपकिरी, हाड घडवणाऱ्या पेशींच्या प्रथिनाला निळा.

सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ती काच हळूहळू सरकवत गेली. कूर्चा संपते तिथे, हाडाच्या उंबऱ्यावर, तपकिरी पेशींच्या पोटात निळे ठिपके होते: घर तेच, धंदा बदललेला. फार नव्हते. पण होते.

“ताई, पुराव्याला एवढं पुरायचं नाही बरं का,” शेजारचा तरुण डॉक्टर डोकावून म्हणाला.

“पुरावा कुणाला द्यायचाय?”

“मग मोबाइलवर फोटो पाठवून द्या की! एवढं धूड कुठे घेऊन निघालात?”

ती कपाटातला बाईंचाच जुना सूक्ष्मदर्शक काढत होती, खाली आरसा असलेला, उजेड खिडकीतून घेणारा. “त्यांना काच हवीये,” ती म्हणाली. “आणि या यंत्राची त्यांच्या हाताला सवय आहे.”

तिने फोन लावला. “बाई, घरी आहात?”

“आंधळी कोशिंबीर खेळतेय एकटीच. का गं?” टक् झालं.

“येते.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग बाई म्हणाल्या, “खिडकीजवळचं टेबल रिकामं करते. ऊन आहे तोवर ये.”

काच मऊ कापडात गुंडाळून तिने छातीशी ठेवली, यंत्र कडेवर घेतलं, दाराशी थबकून हात जोडता येईनात म्हणून मानच लववली, आणि उन्हाकडे एकदा पाहून हळूहळू जिना उतरू लागली.