रेघेचा उतार

नवल पाटील नंदुरबारच्या शाळेत विज्ञान शिकवायचा. त्याची बायको प्रमिला मॅट्रिकला बाहेरून बसणार होती, म्हणून घरी तिलाही तोच शिकवायचा. ती सूत्रं घडाघडा म्हणायची, पण वस्तू खाली पडताना नेमकं काय होतं ते तिला उमगत नव्हतं. त्यावर तो चिडायचा.

अशात शेजारच्या खोलीत गणिताचा मास्तर रतिलाल राहायला आला. एका संध्याकाळी नवल घरी परतला, तर ओट्यावर रतिलाल पाटीवर आलेख काढून प्रमिलाला समजावत होता. हवेचा अडथळा नाही असं धरलं, तर पडत्या दगडाचा वेग दर सेकंदाला सारखाच वाढतो. म्हणून वेगाची रेघ सरळ येते, अंतराची मात्र वाकत जाते. प्रमिला ते ऐकून खुदकन हसली. नवलच्या शिकवण्यावर ती अशी कधी हसली नव्हती. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने मुद्दाम तिची परीक्षा घेतली. वर फेकलेला चेंडू पार माथ्यावर क्षणभर थांबतो, त्या क्षणीच्या पृथ्वीच्या ओढीबद्दल त्याने विचारलं.

"तठे पृथ्वीनी वढ किती?"

शून्य, असं तो वर्गात दरवर्षी सांगत आला होता. प्रमिलाने पाटीवर वेगाची तिरकी रेघ ओढली. ती शून्याला छेदून तशीच खाली गेली.

"वेग शून्य शे, वढ नही," ती म्हणाली. "देखा, रेघना उतार कोठेच बदलत नही. म्हनजे वढ व्हती तितलीच शे."

"रतिलालनी सांगं का?"

"नही. माले रेघवरथून समजनं."

नवलने पाटी जवळ ओढून रेघ पुन्हा तपासली. चूक सापडेना. रतिलालने सांगितलं असतं तर त्याला कमी लागलं असतं.

शाळेत त्याने तीच रेघ फळ्यावर काढली आणि आपण आजवर चुकीचं सांगितलं हे कबूल केलं. कुणी दाखवलं, असं एकाने विचारलं. "आमच्या घरच्यांनी," तो म्हणाला, आणि फळ्याकडे वळला.

घरी आल्यावर, रतिलालला पुढचा धडा घ्यायला बोलव, असं त्याने स्वतःच प्रमिलाला सांगितलं. रतिलाल आला, तेव्हा नवल त्या दोघांच्या मधोमध मांडी घालून बसला आणि पाटी त्याने आपल्याच हातात धरली.