क्लचवरचा पाय

म्हाताऱ्याचे कान असे तिखट, की पार पलीकडच्या शेतात कुणी ट्रॅक्टर चालू केला तरी हा जेवता जेवता सांगायचा, "त्याचा पाय क्लचवर टेकलाय बघ. घरात उशी मिळत नसेल बिचाऱ्याला." त्याच्या उमेदीत तो चारा कापायचं कुट्टीचं यंत्र इतक्या हळुवार सुरू करायचा म्हणे, की यंत्रावर झोपलेली मांजर अर्धा ढीग कापून होईपर्यंत कूसही बदलायची नाही. मांजर खोटी असेल. कुट्टी खरी होती.

अशा माणसाच्या नशिबी जावई आला तो दगडी पायाचा. आला तो घरातच राहिला, आणि म्हाताऱ्याचा डावा गुडघा कुरकुरायला लागला तशी त्याने ट्रॅक्टरची सीटही बळकावली. आधी इंजिनाची रेस कानठळ्या बसेपर्यंत वाढवायची, मग क्लच दाबून यंत्राला इंजिनाची ताकद जोडणारा पीटीओचा दांडा ओढायचा आणि क्लचवरून पाय असा उचलायचा, जणू विंचवावर पडला होता. मागच्या यंत्राचं जड चाक एवढा हिसका खायचं, की गोठ्यातल्या गायी दूध वर चढवायच्या. ट्रॅक्टर आणि यंत्र जोडणाऱ्या शाफ्टमध्ये एक नरम बोल्ट असतो. त्याला नोकरी एकच, हिसका बसला की आपण तुटायचं आणि यंत्र वाचवायचं. जावयाने असे बोल्ट खडूसारखे मोडले होते.

"रेस आधी कमी, जावईबापू!" म्हातारा ओट्यावरून ओरडायचा. "अगदी खाली. मग क्लच, मग दांडा. मग पाय हळू सोडायचा, झोपलेलं पोर गादीवर ठेवतो तसा. चाकाने वेग धरला की मग रेस. बंद करतानाही आधी रेस उतरवा. यात न कळण्यासारखं काय आहे?"

"मामा, तुम्ही पोर गादीवर ठेवाल तोवर चारा वाळेल."

"चारा आत्ता वाळेल हो. तुमची अक्कल कधीच वाळली."

मधल्या मधे लेक. बापाचं ऐकावं तर नवरा फुगतो, नवऱ्याचं ऐकावं तर बाप जेवत नाही. एके दिवशी नवा बोल्ट बसवून झाला आणि तिने दोघांना चाऱ्याच्या ढिगापाशी उभं केलं.

"उद्या सकाळी निकाल लावा. दोघांनी अर्धा अर्धा ढीग कापायचा. ज्याचा बोल्ट तुटेल त्याने सीटकडे पुन्हा बघायचंसुद्धा नाही. दोघांचेही टिकले तर सीट बाबांची, कारण ट्रॅक्टर त्यांचा."

म्हाताऱ्याला खरं तर काहीच करायची गरज नव्हती. जावयाचा पाय त्याचं काम करणारच होता. पण वैर पोटात असलं की माणसाला खात्रीसुद्धा पुरत नाही. सकाळी सगळी चहा पीत असताना त्याने लोखंडाची करवत घेतली आणि तो नरम बोल्ट निम्म्याहून जास्त कापून ठेवला. मग हात धुऊन, तोंडावर साधेपणा फासून तो गोठ्यापाशी आला.

"आधी जावईबापूंना बसू दे," तो उदारपणे म्हणाला. "तरुण रक्त आहे."

"ते कसं चालेल? मान मोठ्यांचा," लेक म्हणाली. "चढा, बाबा."

जावयाने तर खांद्यावरच्या फडक्याने सीट पुसूनही दिली. "बसा, मामा. शिकू द्या आम्हाला काहीतरी."

बोलावं तर चोरी उघडी, न बोलावं तर आपणच कापलेल्या बोल्टावर आपणच बसायचं. म्हातारा चढला. रेस खाली, क्लच तळापर्यंत, दांडा आत. आणि पाय त्याने असा सोडला, असा सोडला, की आपण फिरतोय ही बातमी चाकाला बऱ्याच उशिरा पोचली. बोल्ट टिकला. म्हाताऱ्याने रेस चढवली.

मग जावई चारा घालायला लागला. साध्या पेंढ्या नव्हेत, ओल्या, जाडजूड, मांडीएवढ्या. इंजिन कण्हलं.

"अरे, बारीक घाल! थोडा थोडा!"

"का हो, मामा? हळू पायाने हत्तीसुद्धा कापला जाईल, असं तुम्हीच म्हणायचात."

रेस स्थिर ठेवून आतली पेंढी निघेपर्यंत चारा घालणाऱ्याला थांबायला लावायचं, हे म्हाताऱ्याने आख्ख्या गावाला शिकवलं होतं. पण डोळ्यांपुढे तो अर्धामुर्धा बोल्ट. पेंढी आत गेली की त्याचा पाय आपोआप क्लचवर जायचा, अर्धा दाबायचा, भार हलका करायचा. पुढे पुढे तो उठेनासाच झाला. जन्मभर ज्याला शिव्या घातल्या त्याच पापावर म्हातारा पाय टेकून बसला, डावा गुडघा कुरकुरतोय, घाम हनुवटीवरून ठिबकतोय.

"बाबा, कसला वास येतोय?"

"तुझ्या नवऱ्याचा!"

पण धूर निघाला तो म्हाताऱ्याच्या पायाखालून. चाक मंदावलं, थांबलं. इंजिन रिकामंच बोंबलत राहिलं. त्याने क्लचवरून पाय पूर्ण काढला. काही नाही. दांडा सोडवून गिअर टाकून बघितला. ट्रॅक्टर जागचा हलेना. क्लचची प्लेट जळून खाक झाली होती.

इंजिन बंद करवून जावई शाफ्टपाशी वाकला आणि त्याने बोल्टावरून बोट फिरवलं.

"बोल्ट तुटलेला नाही," तो उठत म्हणाला. "फक्त त्याची अर्धी मान कुणीतरी करवतीने कापलीय. कीस अजून चिकटलाय."

लेकीने वाकून बघितलं, मग बापाकडे बघितलं. ती ओरडली असती तर म्हाताऱ्याला बरं वाटलं असतं.

"तुटला नाही ना? मग सीट तुमची," ती म्हणाली. "शर्त म्हणजे शर्त. ह्यांची पाळी आता येतच नाही. उतरू नका हं, बाबा."

क्लच बदलायला गॅरेजला न्यायचं म्हणून शेजाऱ्याचा ट्रॅक्टर मागून आणला. त्यावर जावई, मागे दोर, दोराला मेलेला ट्रॅक्टर आणि त्याचं स्टिअरिंग धरून जिंकलेला म्हातारा. आता हा दगड्या क्लच सोडणार, दोर ताणून हिसका देणार, आपले दात एकमेकांवर आपटणार, हे ठरलेलंच. म्हाताऱ्याने अशी एक शिवी तयार ठेवली होती, की ऐकून शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरचंही टायर बसलं असतं.

जावयाने रेस उतरवली. क्लच तळाला दाबला. गिअर टाकला. आणि दोर एकेक पीळ करत सरळ झाला. गोठा मागे गेला, कुंपण मागे गेलं, तरी निघालो कधी हे म्हाताऱ्याला कळलं नाही.

"जमतं तर!" तो मागून किंचाळला. "मग इतके दिवस काय माझ्या छातीवर नाचत होतास?"

जावयाने मान वळवली नाही. "हो," तो म्हणाला. "तुमच्याच."

वाटेत माणसं भेटली, तशी त्यांनी विचारलं. प्रत्येक वेळी जावई आदराने मागे हात करून सांगायचा, "मामा चालवताहेत." म्हातारा स्टिअरिंग धरून बसला होता. शिवी तोंडातच होती, आणि गॅरेज अजून लांब होतं.