बाभळीखालचा माठ

राजस्थानातल्या वाळवंटी पायवाटेची तालीम म्हणून वरवंडच्या निवृत्त विज्ञानशिक्षिका सुलक्षणाबाई एप्रिलात पाच दिवस माळरान तुडवायला निघाल्या. सोबत त्यांचा जुना विद्यार्थी इमाम होता. चौथ्या दिवसाच्या निर्जळ टप्प्यासाठी पाणी आठवडाभर आधीच वाटेत ठेवले होते. इमामने प्लास्टिकचे कॅन सुचवले होते, पण बाईंना गार पाणी हवे होते, म्हणून मातीचा माठ ठेवला.

चौथ्या दिवशी दुपारी बाभळीखालचा माठ सापडला. झाकण जागच्या जागी होते, पण दहा लिटरांपैकी जेमतेम दोन लिटर उरले होते.

“कुणीतरी प्यायलं असेल,” बाई म्हणाल्या.

“वारा प्याला, बाई. माठ पाझरतो म्हणून पाणी गार ऱ्हातं, हे सातवीत तुम्हीच शिकवलं. उत्तर चुकलं तवा छडी बी मलाच बसली.”

बाईंनी माठाच्या ओलसर अंगावरून हात फिरवला. मुक्कामाचे गाव मांडवगण फराटा अजून अकरा किलोमीटर दूर होते आणि या उन्हात एवढे पाणी दोघांना पुरणार नव्हते. आजचा टप्पा पुरा करायचा तर थांबणेच भाग होते.

“ऊन उतरल्यावर निघू,” त्या म्हणाल्या आणि वहीत लिहिले: ‘पुढच्या वेळी कॅन.’

मग दोघे एकेक पेला पाणी प्याले. ते अतिशय गार होते.