राशीवरचा छापा फ्रँकफर्टला जातो

मित्रांनो, गोष्ट ऐकायला बसलात ते ठीक, पण तुमचे हात आधी मला दिसतील असे ठेवा. राग मानू नका. माझा जन्मच संशयासाठी झाला आहे. मी एक जुना लाकडी छापा आहे, भंडारा जिल्ह्यातल्या आसगावचा. धान मळून झालं की खळ्यावर रास पडते आणि घरी नेईपर्यंत ती दोन-चार दिवस उघड्यावर असते. तेव्हा संध्याकाळी माझ्या तोंडाला राख लावून मला राशीवर चारी बाजूंनी अलगद टेकवतात. राखेची फुलं उमटतात. सकाळी फूल शाबूत तर रास शाबूत. फूल विस्कटलं तर समजायचं, कोणाचा तरी हात पडला.

देवाजी सुताराने मला बीजा नावाच्या झाडाच्या टणक लाकडातून कोरलं. मागे मूठ आणि पुढे आठ पाकळ्यांचं फूल. त्यातली एक पाकळी त्याने मुद्दाम आखूड ठेवली, म्हणजे कोणी नकली छापा करून फसवू नये. बघा, मला घडवणारा हातही संशयीच होता.

माझी मालकीण केशरबाई. नवरा गेल्यावर तिने एकटीने धानाची शेती सांभाळली आणि भोजराज नावाच्या मुलाला शिकवलं. एकट्या बाईच्या राशीकडे दहा जणांचे डोळे असतात. म्हणून ती रोज सकाळी तोंड धुण्याआधी माझी फुलं बघायला खळ्यावर यायची. "माह्या छाप्यापुढं पोलीस कायले पाह्यजे?" असं ती चारचौघांत म्हणायची, आणि माझी छाती फुगायची. वीस वर्षं मी इमानाने काम केलं. त्या वीस वर्षांत मी एक गोष्ट शिकलो. माणसाचं तोंड बघायचं नाही, हात बघायचे.

भोजराज फिटर झाला आणि जर्मनीतल्या फ्रँकफर्ट नावाच्या शहरात कारखान्यात लागला. लग्न करून बायकोला, रुखमिणीला, तिकडेच घेऊन गेला. १९७८ साली त्याची चिठ्ठी आली की रुखमिणीला आठवा महिना लागतो आहे, बाळंतपणाला तू ये, तिकीट पाठवतो.

केशरबाई तोवर नागपूरच्या पलीकडे गेलेली नव्हती. तिने दहा किलो चिन्नोर तांदूळ निवडला, पत्र्याच्या डब्यात भरला आणि डबा वरून कापडात शिवून टाकला. बाळंतिणीला सव्वा महिना घरच्याच तांदळाची पेज मिळाली पाहिजे, हा तिचा हट्ट. मग तिने मला खुंटीवरून काढलं, चुलीतल्या राखेची एक पुडी बांधली आणि आम्हां दोघांना कापडी पिशवीत घातलं.

"परका मुलूख हाय," ती म्हणाली. "कोनाचा भरोसा?"

मला तिचं म्हणणं अगदी पटलं.

मुंबईच्या विमानतळावर शिवलेला डबा एका माणसाने काउंटरवरून उचलला आणि सरकत्या पट्ट्यावर ठेवून दिला. पावती म्हणून चतकोर कागद दिला. दहा किलो चिन्नोरला चतकोर कागद! बरं झालं, केशरबाईने कापडावर आधीच माझा ठसा उठवला होता.

विमानात निळ्या साडीतली एक मुलगी आली आणि तिने केशरबाईला पट्ट्याने खुर्चीला बांधलं.  माणसाला बांधून ठेवतात ते काही चांगल्या हेतूने नव्हे.

"जुवाले बैल जुंपतेत तसं जुंपलं वो बाई तुनं मले," केशरबाई म्हणाली आणि खळखळून हसली.

शेजारी पुंडलिकराव नावाचे गोंदियाकडचे निवृत्त मास्तर होते. त्यांनी आपण होऊन स्वतःची खिडकीजवळची जागा केशरबाईला दिली. मी सावध झालो. एस्टीत खिडकीसाठी माणसं रुमाल टाकतात, भांडतात. हा गृहस्थ फुकट का सोडतो आहे? पण केशरबाई खिडकीला नाक लावून बसली ती बसलीच. खाली ढग पसरले होते, रोवणीआधी चिखल करून ठेवलेल्या धानाच्या शेतांसारखे.

"गुरुजी, चिखलनी झालेल्या बांध्या दिसून राहिल्या पाहा. आता रोवना कराले उतरावं का?"

"उतरा, उतरा," मास्तर म्हणाले. "पण परत चढाले शिडी नाही हाय."

दिवसभर सूर्य आमच्याबरोबर चालला होता, मावळायचं नाव घेईना. ताटात इतकुशा वाट्या आल्या. केशरबाईने सगळं चाखलं, पावाला लावायचं लोणी नुसतंच खाल्लं आणि मास्तरांच्या वाट्याची गोड वडीसुद्धा संपवली. मुलीने गरम ओला रुमाल दिला तेव्हा तिने तोंड पुसलं, मान पुसली, पाय पुसले आणि "वाह रे माह्या राजा" असं स्वतःलाच म्हणाली. साठीला आलेली बाई सहलीला निघालेल्या पोरीसारखी मजा करत होती, आणि मी पिशवीत बसून मास्तरांच्या हातांवर पाळत ठेवत होतो. त्यांनी शेवटपर्यंत कशालाच हात लावला नाही. ते मला फारच संशयास्पद वाटलं.

फ्रँकफर्टला डबा पट्ट्यावरून फिरत आला तेव्हा कापडावरचं फूल अर्धं पुसलेलं होतं. "पाहा!" मी मनात म्हणालो. पुढे एका टोपीवाल्या अधिकाऱ्याने पिशवी तपासली. त्याने राखेची पुडी उघडली, हुंगली आणि दुसऱ्या टोपीवाल्याला बोलावलं. मलाही उलटं-पालटं करून मूठ पोकळ आहे का ते ठोकून पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझ्यावर संशय घेतला. मला ते मुळीच आवडलं नाही. त्यांची भाषा केशरबाईला येत नव्हती. तिने सरळ चिमूटभर राख बोटावर घेतली आणि सगळ्यांसमोर दात घासून दाखवले. टोपीवाले पोट धरून हसले आणि त्यांनी आम्हांला सोडलं. बाहेर भोजराज उभा होता. मास्तर तो दिसेपर्यंत थांबले होते. मग नमस्कार करून ते आपल्या वाटेने गेले.

पहिले चार दिवस केशरबाईने शहर मनसोक्त पाहिलं. मी पिशवीतून बरोबर असायचोच, कारण छापा आणि धान एका जागी ठेवायचं नाही, हा खळ्यावरचा कायदा. मोठ्या दुकानातल्या सरकत्या जिन्यावर ती तीनदा चढली आणि तीनदा उतरली. ट्राममध्ये बसायला मिळावं म्हणून ती मुद्दाम लांबचं दुकान सांगायची. मेन नावाच्या नदीवर गेल्यावर तिने चप्पल काढून पाण्याला हात जोडले. "पानी बरं हाय, पन आपल्या वैनगंगेपुढं नदी नाही, नाला हाय हा," असा निकालही दिला. रुखमिणी तेवढी घरी राहायची. दम लागतो म्हणायची. आठव्या महिन्यात लागणारच, असं सगळ्यांना वाटलं.

खरी काळजी वेगळीच होती. भोजराजच्या दोन खोल्या वरच्या मजल्यावर होत्या आणि स्वयंपाकघर खाली, घरमालकिणीच्या आणि यांच्या सामाईक वापराचं. मालकीण एक म्हातारी विधवा होती. तिचं नाव एल्सा, म्हणून केशरबाई तिला एल्साबाई म्हणायची. उंच, मुकी-मुकी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. आमचा भात शिजला की ती दारात येऊन नाक वर करून वास घ्यायची. केशरबाईने पहिल्याच संध्याकाळी तिथे ठेवलेला डबा उघडून तांदळावर माझ्याकडून राखेचं फूल उमटवलं. म्हणाली, राखेनं कीडही लागत नाही आणि हातही लागत नाही.

दुसऱ्या सकाळी फूल मोडलेलं होतं.

केशरबाई रोज संध्याकाळी नवं फूल उमटवायची. तिसऱ्या सकाळीही ते मोडलेलं. चौथ्या सकाळी तर फुलाच्या जागी चार बोटं फिरवल्याचा खळगाच होता. मित्रांनो, मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगतो, मला आनंद झाला. इथेही माझी गरज होती! किल्ल्या कोणाकडे? एल्साबाईकडे. खाली कोण झोपतं? एल्साबाई. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

पाचव्या दिवशी रविवार होता. सकाळी केशरबाई मला मुठीत धरून खाली गेली. एल्साबाई कॉफी करत होती. भोजराज आणि रुखमिणी मागोमाग जिना उतरून आले. केशरबाईने डब्याचं झाकण काढलं, मोडलेलं फूल दाखवलं आणि मला एल्साबाईच्या नाकासमोर धरलं.

"इचार तिले, भोजराज. बाळंतिनीच्या तोंडचा घास काहून चोरून राहिली मनाव?"

"माय, हळू बोल," भोजराज रडकुंडीला आला. "हे घर गेलं त दुसरं भेटत नाही इथं. हिचे दिवस भरत आले. कोठी नेऊ हिले?"

"तू इचार मनतो ना मी!"

त्याने अडखळत काहीतरी विचारलं. एल्साबाईचा चेहरा लाल झाला. तिने कपबशी खाली ठेवली. ती ओरडेल, सामान बाहेर काढा म्हणेल, असं मला वाटलं. पण केशरबाईला ओलांडून ती रुखमिणीजवळ गेली, तिला खिडकीच्या उजेडात आणलं आणि अंगठ्याने तिच्या डोळ्याची खालची पापणी अलगद ओढली. मग केशरबाईला बोटाने बोलावलं.

पापणीच्या आत लाली नव्हतीच. कागदासारखं पांढरं होतं. एल्साबाईने रुखमिणीची नखं दाखवली, तीही पांढरी. आणि ओठाच्या कोपऱ्यावर होती राख. माझ्या फुलाची राख.

केशरबाईच्या हातातून मी खाली पडलो. तिने गावात अशा गरवार बाया पाहिल्या होत्या, भिंतीची माती खाणाऱ्या, कच्चे तांदूळ खाणाऱ्या. अंगातलं रक्त आटलं की असं खावंसं वाटतं, हे तिला ठाऊक होतं.

"मीच खाल्ली, मामी," रुखमिणी सासूला म्हणाली आणि रडू लागली. "कच्चे तांदूळ खाल्ली, राखबी चाटली. मन आयकतच नाही. लाजेपाई बोलली नाही."

"इथं त डाक्टर हाय. त्यानं औषध देल्लं नाही?"

"देल्लं ना. लाल गोळ्या देल्ल्या रक्ताच्या. पन तुमीच चिठ्ठी धाडली होती, मामी. परक्या मुलखाच्या गोळ्या खाऊ नको, लेकरू काळं होते मनून. साऱ्या पेटीत ठेवल्या हायेत."

केशरबाईने डब्याचं झाकण परत लावलं. चोर शोधायला ती किल्ल्यांच्या मागे लागली होती, आणि काखेत कळसा, गावाला वळसा. मी जमिनीवर पडून होतो आणि खालून मला सगळ्यांची तोंडं दिसत होती. वीस वर्षं मी हातच बघत आलो होतो. त्या दिवशी रुखमिणीचं तोंड मी पहिल्यांदा नीट पाहिलं. इतकं पांढरं तोंड पाच दिवस आमच्या समोर होतं, आणि आम्ही दोघं डब्यात डोकं घालून बसलो होतो. मला माझी लाज वाटली.

एल्साबाईने कोट चढवला, रुखमिणीच्या खांद्यावर शाल टाकली आणि ट्रामने सगळ्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी रुखमिणीला तिथेच ठेवून घेतलं आणि सुया सुरू केल्या. रक्त निम्म्यावर आलं होतं. अशीच बाळंत झाली असती तर वाचली नसती, असं त्यांनी भोजराजला स्पष्ट सांगितलं. तीन आठवडे एल्साबाई रोज दवाखान्यात जायची आणि गोळी आपल्या डोळ्यांसमोर गिळायला लावायची. पण केशरबाईशी ती बोलत नव्हती. जिन्यात समोर आली तर मान वळवायची.

रुखमिणीला मुलगी झाली. गोरी की काळी, हे कोणी विचारलंच नाही. ती रडली, एवढंच सगळ्यांना पुरलं.

बाळंतीण घरी आली त्या दिवशी केशरबाईने मला धुऊन-पुसून घेतलं, खाली जाऊन एल्साबाईपुढे उभी राहिली आणि मला दोन्ही हातांनी तिच्या ओंजळीत ठेवलं. आमच्याकडे छापा परक्याच्या हाती जात नाही. छापा दिला म्हणजे रास दिली, घर दिलं. "चुकली मी, बाई," केशरबाई म्हणाली. "माहा भरोसा हा घ्या." एल्साबाईला यातलं एक अक्षर कळलं नाही. तिने मला फिरवून पाहिलं, फुलावरून बोट फिरवलं, आणि तिचा चेहरा एकदम उजळला. तिच्या मुलखात लाकडी साच्याने बिस्किटांवर फुलं उठवतात. मी तसलाच साचा आहे असं तिला वाटलं! तिने लगेच कणीक मळली आणि मला त्यात दाबलं.

मित्रांनो, माझी फुलं भट्टीतून फुगून बाहेर आली. एल्साबाईने पहिलं फूल मोडून अर्धं केशरबाईच्या तोंडात घातलं. मी सवयीने दचकलो. फूल मोडलं होतं, आणि दोन म्हाताऱ्या एकमेकींकडे बघून हसत होत्या, रडत होत्या.

केशरबाई मला तिथेच ठेवून गावी परतली, आणि आठ वर्षं मी त्या स्वयंपाकघरात होतो. एल्साबाई वारल्यावर रुखमिणीने मला आसगावला परत आणलं. आता धान खळ्यावरूनच पोत्यांत भरून जातं, रास कोणी ठेवत नाही. मी कोनाड्यात असतो. माझ्या मुठीला वाळवी लागली आहे. कोणी वर्षातून एकदा जवसाच्या तेलाचा हात फिरवला तर अजून काही दिवस टिकेन. तुमच्या घरी असं एखादं जुनं लाकूड असेल तर तेवढं करा.

आणि तुमच्या डब्यातला लाडू कधी कमी झाला, तर ओरडण्याआधी एकदा घरातल्या प्रत्येकाच्या तोंडाकडे नीट बघा. कोण फिकं दिसतंय, ते आधी विचारा. मला ते विचारता आलं नाही. मला तोंड होतं ते फक्त राख लावायला.