भरल्याची पाटी

मित्रांनो, कपाटाच्या सगळ्यात खालच्या फळीवर धूळ खात पडलेला हा डबा म्हणजे मी. मी एक जुना शोधक, म्हणजे अदृश्य किरण टिपणारे उपकरण आहे. माझ्या पोटात मुठीएवढा जर्मेनियमचा स्फटिक आहे. त्यावर किरण आदळला की मी त्याची नोंद करत असे.

तुमच्या हाडांतले कॅल्शियम फार पूर्वी फुटलेल्या ताऱ्यांत तयार झाले. ते किती वेगाने तयार होते, हे मोजायला आमच्या शास्त्रज्ञ बाईंनी मला प्रयोगशाळेत आणले. मोठ्या यंत्रातून कणांचा झोत पातळ पत्र्यावर सोडायचा. एखादा कण पत्र्यातल्या अणूत शिरून कॅल्शियम बनले, की बाहेर पडणारा किरण मी टिपायचा. असे फार क्वचित घडे. महिनोन् महिने काहीच नाही, पण मी डोळ्यांत तेल घालून बसे. बाई कौतुकाने म्हणत, "म्हातारा खडूस आहे, पण खोटं बोलत नाही."

काम करायला मला मात्र कडाक्याची थंडी हवी असे. दर सोमवारी माझ्या टाकीत बर्फाहून कितीतरी थंड असा द्रव नायट्रोजन भरत आणि 'भरले' अशी पाटी टांगत.

उत्तरासाठी चाळीस किरण हवे होते. सात वर्षांत छत्तीस मिळाले. दहा महिन्यांनी यंत्र कायमचे बंद होणार होते आणि त्यातच बाईंची आई आजारी पडली. गावी जाताना त्यांनी तंत्रज्ञ मामांना नायट्रोजन भरायला विसरू नका, असे चारचारदा बजावले. मामा भला माणूस, पण खोड एकच. पाटी आधी टांगायची आणि मग नायट्रोजन आणायला जायचे. त्या सोमवारी वाटेतच फोन आला, नात शाळेत पडली. मामा तसेच धावले. पाटी पाहून बाकीचे निर्धास्त राहिले. माझी वीज चालूच होती. मी तापत गेलो आणि आतून जळलो. ओरडायला मला तोंड नव्हते.

बाई परतल्या. "मामा, पाटी तर लावलेली आहे!"

"आधीच लावली होती, बाई... आणि नात शाळेत पडल्याचा फोन आला."

बाईंनी पाटी उतरवून ठेवली. मग म्हणाल्या, "नात कशी आहे?"

"बरी आहे."

"नवा शोधक यायला वर्ष लागेल, मामा. तोवर यंत्रच नसेल."

हातातोंडाशी आलेला घास गेला. अहवालात बाईंनी लिहिले, 'मोजणी अपूर्ण.' मला फार वाईट वाटले.

मित्रांनो, मुक्या वस्तू आठवण करून देत नाहीत. काम झाल्यावरच 'झाले' म्हणा, आणि दुसऱ्याने म्हटले तरी एकदा हात लावून पाहा. चारच किरण राहिले होते. ते आता कोणीच टिपणार नाही.