न्हाणीघराचं दार

माझी धाकटी बहीण हेझल बेचाळीस वर्षांची होती, तेव्हा तिने इंग्लंडमध्येच, ग्रेव्हसेंडला थेम्स नदीकाठी फ्लॅट घेतला. जुन्या गोदामाचे फ्लॅट केले होते, त्यातला दुसऱ्या मजल्यावरचा. चाळीस टक्के मालकी तिची, साठ टक्के फ्लॅट बांधणाऱ्या गृहसंस्थेची. त्या साठ टक्क्यांचं भाडं ती दर महिन्याला भरणार. शाळेत मुलांचा स्वयंपाक करणाऱ्या एकट्या बाईला यापेक्षा जास्त झेपणारं नव्हतंच. विकणारी मुलगी फार गोड होती. तिने चावीबरोबर वाइनची बाटली दिली आणि म्हणाली, "आता तुम्ही घरमालकीण!"

पहिल्याच हिवाळ्यात घर गरम ठेवणारा बॉयलर बंद पडला. हेझलने संस्थेला फोन केला, तर उत्तर आलं, "घर तुमचं, दुरुस्ती तुमची." वसंतात तिला स्वयंपाकघराची फरशी बदलायची होती. तेव्हा उत्तर आलं, "त्याला संस्थेची परवानगी लागेल."

"म्हणजे बघ पॉलीन," ती मला म्हणाली, "बिघडलं की शंभर टक्के माझं. बदलायचं म्हटलं की लगेच साठ टक्के त्यांचं."

दर एप्रिलला लिफ्ट, जिना, गच्ची यांच्या देखभालीचा आकडा वाढायचा, तोही तिच्या एकटीच्या माथी. तरी ती खूश होती. खिडकीतून पलीकडच्या टिलबरी बंदराकडे जाणाऱ्या बोटी दिसायच्या, आणि मी गेले की ती त्या मला अशी दाखवायची, जणू त्यातही तिचे चाळीस टक्के असावेत.

मग एका फेब्रुवारीत डॅडला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली. आमचा डॅड, लेन टॅपसेल, गोदीवर सुतार होता. चाळीस वर्षं त्याच उजव्या हातावर जगला. हॉस्पिटलवाले म्हणाले, एकटं सोडता येणार नाही. घरी न्या, नाहीतर वृद्धाश्रम बघा. मी चॅटमला लाँड्रीच्या वर एका खोलीत राहते, अठरा पायऱ्या चढून. माझ्याकडे नेणं शक्यच नव्हतं, हे मी तेव्हा इतक्या वेळा सांगितलं की शेवटी हेझल वैतागली. "बास गं! तुला कुणी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंय का? माझ्याकडे लिफ्ट आहे. येईल तो माझ्याकडे."

लिफ्टमधून चाकाची खुर्ची नीट आली, पुढच्या दारातूनही आली. न्हाणीघराच्या दाराशी अडकली, आणि संडास त्याच्याच आत. चार बोटं कमी पडत होती. खुर्ची बाहेर ठेवायची, डॅडला काखेत धरून उभं करायचं आणि तीन पावलं ओढत न्यायचं. दिवसातून सहा-सात वेळा. एकदा दोघं मिळून पडली. लागलं कुणालाच नाही, पण त्यानंतर डॅडने चहा सोडला.

हे माझ्या उशिरा लक्षात आलं. दिवसाला दहा कप चहा पिणारा माणूस म्हणायला लागला, "नको, आत्ताच घेतला." आत्ताच काही घेतलेला नसायचा. लेकीला पुन्हा पुन्हा उचलायला लावायला नको, म्हणून ओठ सुकवत बसायचा.

हेझलने दार रुंद करायची परवानगी मागितली. अर्ज, त्याची फी, नकाशा, डॉक्टरचं पत्र, सगळं दिलं. दोन आठवड्यांनी फोन केला, तर अर्ज सापडत नव्हता. तिने पुन्हा पाठवला. पुढच्या वेळी कळलं, की तो अर्ज पाहणारी बाई नोकरी सोडून गेली. मी गेले की हेझल एका जागी बसलेली दिसायची नाही. फोन कानाला, त्यातून ते टिणटिण संगीत, आणि ही खिडकी ते ओटा, ओटा ते खिडकी. बोलता बोलता पुसलेला ओटा पुन्हा पुसायची. डॅड खुर्चीत या कुशीवरून त्या कुशीवर होत राहायचा. त्या घरात पाच मिनिटांत मलाही कुठेतरी निघून जावंसं वाटायचं, आणि मग त्याचीच लाज वाटायची.

सातव्या आठवड्यात पत्र आलं. भिंतीला हात लावण्याआधी इंजिनिअरचा दाखला जोडावा, खर्च अर्जदाराचा.

त्या शनिवारी सकाळी मी भाजी घेऊन पोचले, तर डॅडची हत्यारांची पेटी जमिनीवर उघडी पडलेली. हेझल पटाशी हातात घेऊन दारासमोर उभी. डॅड खुर्चीत पुढे झुकलेला.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"इंजिनिअरचा दाखला," हेझल डॅडकडे मान करून म्हणाली.

"हेझल, अगं वेड लागलंय का तुला? ते घराबाहेर काढतील!"

"बाहेर काढायला आधी फोन तर उचलावा लागेल त्यांना."

डॅडला अजून नीट बोलता येत नव्हतं, शब्द जिभेवर घोळायचे. "वाजव," तो म्हणाला. हेझलने भिंतीवर बोटं वाजवली. "अजून डावीकडे... हां. पोकळ. इथे भार नाही. लाईट घालव, मेनमधून."

मी मेन स्विच बंद केला. बंद करून तिथेच उभी राहिले, खरं तर मला पळून जायचं होतं. मग मीही बाही वर केली.

दिवसभर आम्ही दोघी खपलो आणि डॅड डाव्या हाताने दाखवत राहिला. चौकट निघाली. भिंतीतलं उभं लाकूड कापून बाजूला सरकवलं. "रेषेवर नाही, रेषेच्या बाहेर काप! शाळेतला केक आहे का तो?" डॅड ओरडला. दोन महिन्यांत त्याचं एवढं लांब वाक्य आम्ही ऐकलं नव्हतं. हेझल हसायला लागली, तिच्या केसात सगळा चुना. संध्याकाळी सहाला डॅडने डाव्या हाताने चाक ढकललं आणि खुर्ची आत गेली. त्याने आतून आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं. बऱ्याच वेळाने हाक आली, "चहा टाका कुणीतरी!"

खालच्या मजल्यावरच्या माणसाने ठोकाठोकीची तक्रार केली. दहा दिवसांत पत्र आलं: कराराचा भंग, अठ्ठावीस दिवसांत भिंत पूर्ववत करा, नाहीतर कायदेशीर कारवाई.

फुकट सल्ला देणाऱ्या केंद्रात आम्ही दोघी गेलो. तिथल्या वकीलबाईंनी करार शांतपणे वाचला आणि चष्मा काढला. "मिस टॅपसेल, घेताना हे तुम्हाला कुणी नीट सांगितलं होतं का? कायद्याच्या नजरेत तुम्ही बऱ्याच अंशी भाडेकरूच आहात. प्रकरण फार चिघळलं, तर घर जाऊ शकतं."

"आणि माझे चाळीस टक्के?"

"तेही."

बाहेर आल्यावर ती इतकी भरभर चालायला लागली, की मला मागे पळावं लागलं. पार जेटीच्या टोकाला जाऊन थांबली. "एकोणीस वर्षं साठवलेत मी ते पैसे," ती म्हणाली, "आणि त्या कागदावर मी स्वतः सही केलीय, पॉलीन. त्या गोड मुलीसमोर, हसत हसत."

वकीलबाईंनी अपंग माणसाच्या हक्काचा मुद्दा काढून संस्थेला कडक पत्र लिहिलं. मग संस्थेचे मिस्टर पेनफोल्ड टेप घेऊन आले. त्यांनी चौकट मापली, भिंत ठोकून पाहिली. डॅड त्यांच्यावर नजर रोखून बसला होता.

"सांधा बरा जमलाय," पेनफोल्ड पुटपुटले.

"बरा?" डॅड म्हणाला. "तुमच्या माणसांनी केलेली मागची खिडकी बघा आधी."

महिन्याभराने परवानगी आली. जुन्या तारखेपासून लागू, वर दंडासारखी फी. भांडण आम्ही जिंकलो होतो. मी केक घेऊन गेले, तर हेझल कपाट आवरत होती.

"विकतेय," ती म्हणाली. "दारावर टकटक झाली की छातीत धस्स होतं. कुणी पोस्टातून जाहिरात टाकली तरी. स्वतःच्या घरात असं कुणी राहतं का?"

विकणं घेण्याहून अवघड निघालं. पहिले आठ आठवडे संस्थाच गिऱ्हाईक शोधणार, असा करार. त्यांनी दोन माणसं पाठवली, दोघांनी देखभालीचा आकडा पाहून पाय मागे घेतला. मग दलाल नेमला. एक शिक्षक जोडपं पक्कं ठरलं, पण संस्थेची कागदपत्रं येईपर्यंत घराच्या किमतीच्या दाखल्याची मुदत संपली आणि ते जोडपंही गेलं. दुसरा दाखला, त्याची दुसरी फी. तेरा महिन्यांनी एका नर्सने तो हिस्सा घेतला, हेझलने मोजलेल्या किमतीहून थोड्या कमीतच. चावी देण्याआधी हेझलने तिला बसवून कराराची सगळी पानं वाचून दाखवली. दलाल घड्याळ बघत होता. नर्स म्हणाली, "माहितीये मला. पण दुसरं काय परवडतं?" हेझलने करार मिटला आणि चावी तिच्या हातात दिली.

आता डॅड आणि ती नॉर्थफ्लीटला नगरपालिकेच्या बैठ्या घरात भाड्याने राहतात. डॅडच्या आजारपणामुळे नंबर लवकर लागला. मी रविवारी जाते. परवा गेले, तर हेझल फोनवर घरांच्या जाहिराती चाळत होती.

"पुन्हा?" मी म्हटलं.

"बघायला काय जातं? बँकेत पडलेत पैसे, त्यांचंही काहीतरी करायला हवं ना." तिने एक फोटो मोठा करून दाखवला, खिडकी, ओटा, जरासं अंगण. "ही बघ. पण किती टक्के ते लिहिलंच नाहीये—"

आतून डॅडने काहीतरी मागितलं. ती वाक्य अर्धवट टाकून उठली.